तळटीप : चढावरची कुच्चोलो

१७. ‘कुच्चोलो’ हे सायकलला जोडायचे ४८ घन सेंटिमीटरचे फोर-स्ट्रोक इंजिन. तूरिनच्या आल्दो फारिनेल्ली यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याची रचना केली. १९४६पासून बोलोन्याच्या दुकाती कारखान्यात त्याचे उत्पादन होऊ लागले. त्याची ताकद सव्वा अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे सुमारे ९०० वॉट. सपाट रस्त्यावर ती मुख्यतः हवेचा विरोध कापण्यात खर्च होते. चढावर त्यात गुरुत्वाकर्षणाची भर पडते: स्वारासह एकूण वजन ११० किलो धरले, तर १०० मीटरला ६ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर सुमारे ६५ न्यूटन जास्तीचा जोर लागतो. हिशेबाने सपाटीवरचा ताशी ४५ किलोमीटर वेग तेथे ३०च्या जवळपास स्थिरावायला हवा. पण वेग उतरला की इंजिनाचे फेरे घटतात, फेरे घटले की शक्ती घटते, आणि वेग आणखी पडतो. ही साखळी खालच्या गिअरने तुटते. मात्र सुरुवातीच्या कुच्चोलोला दोनच गिअर होते. म्हणून प्रस्तुत प्रसंगात स्वार पेडल मारू लागतो, तेव्हा इंजिन बिघडले असे वाचकाने समजू नये. माणसाचे पाय १००-१५० वॉट सहज देतात, आणि एवढ्या लहान इंजिनाला ती भर मोठी असते. कमी पेट्रोलमध्ये, कमी पैशांत माणसाला घाट चढवून नेणारी ही रचना अस्सल बुद्धिमत्तेची आहे. तिचे मोल केवळ सर्वाधिक वेगावरून ठरवणे अन्यायाचे होईल. — संपा.