थीसिस कशात टाइप करायचा? थोडा इतिहास, मग उत्तर

दिवाळीत भंडाऱ्याला घरी गेलो की एक प्रश्न हमखास येतो, "दादा, थीसिस वर्डमध्ये लिहू की लाटेक शिकू?" उत्तर देतो, पण आधी इतिहास ऐका. तो माहीत नव्हता म्हणून मी स्वतः फसलो होतो.

एमएस्सीला असताना प्रकल्पाचा मराठी सारांश एका डीटीपी सेंटरमधून टाइप करून घेतला. पेनड्राइव्ह घेऊन नागपूरला गेलो, फाइल उघडली, तर सगळी रोमन अक्षरांची खिचडी! जमा करायला दोन तास उरलेले. शेवटी हातानं लिहून दिला. टायपिस्टची चूक नव्हती. त्या फाइलमध्ये 'क' साठवलेलाच नव्हता. रोमन अक्षर साठवलेलं होतं आणि फॉन्ट त्यावर 'क'चं चित्र चढवत होता. फॉन्ट नाही, तर मराठीही नाही.

असं का झालं? खरं तर उत्तर १९९१ मध्येच तयार होतं. त्या वर्षी 'इस्की' हे भारतीय लिप्यांसाठीचं मानक आलं. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण विंडोजमध्ये देवनागरीची नीट सोय झाली ती विंडोज २००० पासून, मंगल फॉन्टसोबत. तोवर छपाईची कामं जुन्या फॉन्टवर बसली होती, टायपिस्टचे हातही त्याच कळफलकावर. सवय काही एका दिवसात सुटत नाही.

आता विज्ञानाकडे या. १९७७ मध्ये डोनाल्ड नुथ यांना आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आवडली नाहीत. जुन्या खिळ्यांच्या छपाईपुढे ती फारच फिकी होती. म्हणून त्यांनी स्वतःच 'टेक' लिहायला घेतलं. काही महिन्यांचं वाटलेलं काम जवळपास दहा वर्षं चाललं. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक उभं केलं. फाइल म्हणजे साधा मजकूर, त्यामुळे ती कुठल्याही संगणकावर वाचता येते. मराठीसाठी १९९१ मध्ये नेदरलँड्सच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी देवनागरीची सोय केली, पण टाइप रोमनमध्येच करावं लागायचं. २००४ मध्ये झीटेक आलं आणि थेट युनिकोड मराठी लिहिता येऊ लागली.

तर उत्तर असं. समीकरणं, आकृत्या, संदर्भ भरपूर असतील तर लाटेक शिका, आणि पहिल्याच वर्षी शिका. शेवटच्या महिन्यात शिकायची ती गोष्ट नाही. गाइड वर्डमध्येच दुरुस्त्या करत असतील तर मुकाट्यानं वर्ड वापरा. विद्यापीठाचा नमुना आधी बघून घ्या. पण मराठी मजकूर, कशातही लिहा, युनिकोडमध्येच हवा.

तपासणं सोपं आहे. फाइलमधली एक ओळ कॉपी करून मोबाइलवर मेसेजमध्ये टाका. मराठी दिसली तर निश्चिंत राहा. खिचडी दिसली तर आजच बदलून घ्या, जमा करायच्या दिवशी नको.