जोडणीचें माप

दोन यंत्रें एकमेकांना जोडावयाचीं, तर तीं दोन्ही उत्तम असून भागत नाहीं. त्यांच्या जोडाचें माप एक असावें लागतें. हें साधें सत्य मराठवाड्याला संगणक येण्यापूर्वीं पुष्कळ वर्षें आगगाडीनें शिकविलें होतें. बीड जिल्ह्यांतील परळी वैजनाथ येथें विकाराबादकडून येणारा लोहमार्ग ५ फूट ६ इंच रुंदीचा, तर परभणीकडून येणारा एक मीटर रुंदीचा होता. रुंद माप लॉर्ड डलहौसीच्या काळीं ठरलें. खर्च वांचावा म्हणून लॉर्ड मेयोच्या सरकारनें १८७० सालीं मीटरमाप पत्करलें. बांधणाऱ्याचे पैसे वांचले खरे. परंतु जेथें जेथें हीं दोन मापें भेटत, तेथें तेथें एका डब्यांतील माल उतरवून दुसऱ्यांत चढवावा लागे. एकाच्या बचतीचा बोजा हमालाच्या पाठीवर आणि व्यापाऱ्याच्या थैलीवर पडला. मापें एक करण्याचें काम रेल्वेनें १९९२ नंतर नेटानें चालविलें; परभणी-परळी मार्गही आतां रुंद झाला आहे.

संगणकाच्या तारांचा इतिहास याच वळणानें गेला. १९६० सालीं अमेरिकेंतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघानें 'आर. एस. २३२' नांवाचें मानक प्रसिद्ध केलें. टेलिफोनच्या तारेवरून माहिती धाडणारें मोडेम यंत्राशीं कसें जोडावें, हें त्यांत ठरविलें होतें. त्याचा २५ पिनांचा जोड पुढें रूढ झाला. त्यांतून माहितीचे कण एकामागून एक जात. छपाईयंत्राला ही गति पुरेना. म्हणून त्याच्यासाठीं आठ कण आठ तारांवरून एकदम नेणारी जाड केबल आली. १९८७ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपल्या नव्या संगणकांबरोबर कळफलक व माउस यांचे लहान वाटोळे जोड आणि पडद्यासाठीं १५ पिनांचा जोड आणला. प्रत्येक जोड आपापल्या कामाला योग्यच होता. परंतु सर्व मिळून संगणकाची पाठ म्हणजे निरनिराळ्या कुलपांची भिंतच झाली. नवें उपकरण जोडावयाचें तर बहुधा यंत्र बंद करावें, कधीं उघडावें, आणि जाणत्या माणसाला बोलवावें लागे. येथेंही रचनाकाराची सोय ती गिऱ्हाइकाची अडचण ठरली.

हा गुंता सोडविण्यास सात मोठ्या कंपन्या एकत्र आल्या आणि १९९६ च्या जानेवारींत 'यू. एस. बी.' हें मानक प्रसिद्ध झालें. त्याच्या रचनेंत इंटेल कंपनीचे अजय भट्ट यांचा मोठा वांटा होता. त्यांचें शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयांत झालें. चार तारा: दोन विजेसाठीं, दोन माहितीसाठीं. यंत्र चालू असतांनाच उपकरण जोडावें आणि काढावें, ही त्यांतील मोठी सोय. जोड मात्र एकाच बाजूनें बसे. तो दोन्ही बाजूंनीं बसावा असें करण्यास अधिक तारा व अधिक खर्च लागला असता. आणि मानक स्वस्त नसेल तर तें कोणीच स्वीकारीत नाहीं. १९९८ सालीं ॲपल कंपनीनें आपल्या आयमॅक संगणकांतून जुने जोड काढून टाकले, तेव्हां नव्या मानकास चांगलाच जोर आला.

पण एकी फार काळ टिकली नाहीं. फोन लहान झाले तसे लहान जोड निघाले, आणि कांहीं कंपन्यांनीं स्वतःचे निराळे जोड चालविले. घरोघरीं खण निरुपयोगी तारांनीं भरले. २०१४ सालीं २४ स्पर्शबिंदूंचा, उलटसुलट कसाही बसणारा 'टाइप सी' जोड आला. तरीही सर्वांना एका वाटेवर आणण्यास कायदाच लागला. युरोपीय संघाचा नियम २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना लागू झाला. भारतीय मानक ब्यूरोनेंही या जोडाचें मानक २०२३ च्या जानेवारींत प्रसिद्ध केलें.

मात्र जोडाचा आकार एक झाला म्हणजे सर्व झालें असें नव्हे. रुळांची रुंदी एक असली तरी प्रत्येक मार्गावर सारखा भार व सारखा वेग चालत नाहीं. टाइप सीच्या दिसावयास अगदीं सारख्या दोन तारांपैकीं एक सेकंदास ४८ कोटी कण नेते, तर दुसरी त्याच्या कित्येक पटींनीं अधिक. एक फोनापुरतीच वीज वाहते, दुसरी मोठा संगणकही भारित करते. पूर्वीं चुकीची तार खांचेंत बसतच नसे, म्हणून चूक तत्काळ कळे. आतां ती बिनबोभाट बसते आणि काम मात्र होत नाहीं. परळीच्या फलाटावर मापांतील भेद सर्वांच्या डोळ्यांपुढें होता. आजचा भेद तारेच्या पोटांत दडलेला आहे. म्हणून गति व विजेची शक्ति प्रत्येक तारेवर स्पष्ट छापलेली असणें, हाही मानकाचाच भाग मानला पाहिजे. तें होईपर्यंत या एकीची किंमत गिऱ्हाईकच भरीत राहील.