ईश्वरास्तित्व व ख्रिस्ती धर्माचे तार्किक समर्थन (मराठी परंपरा)

ईश्वर आहे आणि ख्रिस्ती धर्म खरा आहे, हे केवळ श्रद्धेवर न सोडता युक्तिवादाने पटवण्याचा प्रयत्न. सृष्टीच्या रचनेवरून कर्ता मानणे ही त्यातली जुनी वाट. ती मिशनऱ्यांचीच मक्तेदारी नव्हे. नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त कार्यावरूनच ईश्वर सिद्ध केला होता. म्हणून इथला खरा वाद ईश्वरापेक्षा ख्रिस्तावर अडला.

१८३१ मध्ये मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट दांडेकर वादात भिडले. १८५७ मध्ये तिथल्याच समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी हिंदू धर्माच्या बाजूने मिशनऱ्यांना उत्तरे देत होते. ख्रिस्ती बाजूने सर्वांत कसलेली लेखणी नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांची. काशीत वाढलेल्या या पंडिताने १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ‘षड्दर्शन-दर्पणा’त हिंदू दर्शनांची चिकित्सा त्यांच्याच परिभाषेत केली. जग मिथ्या ठरवण्यासाठी वेदान्ती सत्तेचे वेगवेगळे स्तर मानतात, हाच गोरेंना कच्चा दुवा वाटला. वेदान्त्यांना अर्थातच हा आक्षेप पटला नाही.

तेव्हाच्या निजामी राज्यात नारायण शेषाद्रींनी युक्तिवादापेक्षा वेगळी तऱ्हा निवडली. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या ब्राह्मणाने जालन्याजवळ ‘बेथेल’ हे गावच वसवले.