साक्षर कोण, हे कोण ठरवतं?

2027 च्या जनगणनेत प्रगणक दारात येईल आणि विचारेल, घरात कुणाकुणाला लिहिता-वाचता येतं? वाचून दाखवा, असं म्हणणार नाही. बहुतेक घरांत कर्ता माणूसच आईचं, बायकोचं उत्तर देऊन मोकळा होतो.

ही मोजपट्टी सारखी बदलत आलीय. बुलढाणा वऱ्हाड प्रांतात होता तेव्हा, 1881 ला, तीन रकाने होते: शिकत असलेले, साक्षर, निरक्षर. 1901 ला दोनच उरले. 1911 ला कसोटी आली: मित्राला पत्र लिहिता यावं आणि त्याचं उत्तर वाचता यावं. मला आजही हीच सगळ्यात प्रामाणिक वाटते. (आता आपण उत्तरादाखल अंगठाच पाठवतो, ते सोडा!)

1991 पासून टक्केवारी सात वर्षांपुढच्यांची. 2011 ला आपला जिल्हा 83 टक्क्यांवर. पण त्यात दुसरी-तिसरीतलं पोरगं आणि साठीतली मजूर बाई एकाच पारड्यात. पोरं आकडा वर ओढतात, बाई त्याखाली झाकली जाते. त्यात शिकलेले तरुण खामगाव, पुणे गाठतात. म्हणून शहर पुढं अन् खेडं आणखी मागं दिसतं.

1959 ला साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम निघाली. गावंच्या गावं साक्षर जाहीर झाली, 1972 ला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. पण सराव सुटला की अक्षरं पुसतात, हे समारंभात कोण सांगणार?

'उल्लास'मध्ये आता 15 वर्षांपुढच्यांची परीक्षा होते. तिथं निदान त्या बाईच्याच हातात पेन देऊन तिलाच विचारतात.