वॉलिच क्रमांक

१४. नथानिएल वॉलिच (१७८६–१८५४) : डॅनिश शल्यवैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ, कोलकात्याजवळ शिबपूर येथील कंपनी सरकारच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक. भारत, नेपाळ, ब्रह्मदेशातून जमलेल्या सुकवलेल्या वनस्पती घेऊन तो १८२८ साली लंडनला गेला. तिथे त्याने त्यांची क्रमांकवार हस्तलिखित यादी शिळाछापावर काढली आणि जादा नमुने युरोपभर वाटले. मुख्य संच आज क्यू उद्यानात स्वतंत्र ठेवलेला आहे. मूळ मजकुरातला ‘वॉलिच क्रमांक’ तो या यादीतला.

एक क्रमांक म्हणजे एकच झाड, असे मात्र नाही. निरनिराळ्या प्रदेशांत, निरनिराळ्या हातांनी खुडलेल्या फांद्याही एकाच क्रमांकाखाली आल्या आहेत. त्यामुळे जातीचे नाव नेमक्या कोणत्या फांदीवरून ठरले, हा प्रश्न अभ्यासकांना वारंवार पडतो.

मूळ मजकुराच्या लेखकाने नमुने ‘पडद्यावर जुळवले’ ते यासाठीच. नमुने पडद्यावर आणण्यासाठी त्यांच्या कागदावर बारकोड चिकटवतात, शेजारी मोजपट्टी व रंगपट्टी ठेवतात आणि वरून बारीक तपशील टिपणारे छायाचित्र घेतात. खरे कष्ट पुढे असतात : चिठ्ठीवरचे पुसट, वळणदार अक्षर लावायचे. क्यूने २०२२ मध्ये आपल्या सुमारे ७० लाख नमुन्यांसाठी पडद्यावर आणण्याचे हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. आता दूरदूरच्या संग्रहांतल्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहता येतात, आणि त्यासाठी ठिसूळ पाने टपालात घालावी लागत नाहीत.