चौघींत नांदणारी डिस्क

चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क शेजारी शेजारी ठेवल्या, तर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. तोच साडेतीन इंची धातूचा डबा, तेच साटा कनेक्टर, जवळपास तेवढंच वजन. एकीच्या लेबलवर ‘नॅस’ छापलेलं असतं आणि तिची किंमत जास्त असते. लग्नाचे फोटो काढणारा छायाचित्रकार, सीएचं कार्यालय, मुलांच्या जन्मापासूनचे व्हिडिओ जपणारं घर, अशी मंडळी नेटवर्कवरची सामायिक साठवणपेटी, म्हणजे नॅस, घ्यायला निघतात तेव्हा त्यांना पहिला प्रश्न पडतो तो हाच: हे जास्तीचे पैसे कशाचे? त्याचं उत्तर या डिस्कच्या कुळात आहे. तिच्या लेबलवरच्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे एखादी जुनी अडचण आहे, आणि सगळ्या अडचणींचं मूळ एकच आहे. साधी डिस्क एकटीने राहण्यासाठी घडली. नॅसच्या डिस्कला चौघींत नांदायचं असतं.

घराण्याची सुरुवात १९५६ची. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाताखालच्या आयबीएमच्या चमूने रॅमॅक या संगणकासाठी पहिली हार्ड डिस्क बनवली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, त्यांवर ५० लाख अक्षरं, वजन टनाच्या घरात. संपूर्ण यंत्रणेचं भाडं महिन्याला ३,२०० डॉलर होतं. १९७३मध्ये आयबीएमच्याच ‘विंचेस्टर’ डिस्कने तबकड्या आणि वाचणारी-लिहिणारी हेड एकाच बंद डब्यात आणली. आजची प्रत्येक हार्ड डिस्क या विंचेस्टरची वंशज आहे. पुढे आयबीएममधून बाहेर पडलेले अ‍ॅलन शुगार्ट आणि त्यांचे सहकारी फिनिस कॉनर यांच्या कंपनीने, म्हणजे आजच्या सीगेटने, १९८०मध्ये सव्वापाच इंची, पाच मेगाबाइटची एसटी-५०६ आणली आणि डिस्क टेबलावरच्या संगणकात शिरली.

तिथे तिला एक सवय लागली. एका संगणकात एकच डिस्क असायची आणि त्या मजकुराची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसायची. मग एखादा सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा मजकुराचा छोटा तुकडा, वाचता आला नाही, तर डिस्कने काय करावं? प्रयत्न सोडू नये. हेड किंचित सरकवून पाहावं, पुन्हा वाचावं, पुन्हा वाचावं. वापरणारा अर्धा-एक मिनीट खोळंबला तरी चालेल, पण फाइल हाती लागली पाहिजे. एकट्या डिस्कसाठी हा चिवटपणा हा गुणच होता.

१९८७-८८मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध लिहिला आणि या घराण्याची दिशा बदलली. मोठ्या संस्था तेव्हा आयबीएम ३३८०सारख्या प्रचंड आणि महागड्या डिस्क वापरत. त्याऐवजी वैयक्तिक संगणकातल्या स्वस्त, छोट्या डिस्क एकत्र जोडल्या तर? त्यांनी उदाहरणासाठी घेतलेली १०० मेगाबाइटची सीपी३१०० ही डिस्क फिनिस कॉनर यांच्याच पुढच्या कंपनीची होती. पण हिशेब मांडताच धोका समोर आला. एका डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, तर १०० डिस्कांच्या जथ्यात पहिली डिस्क सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, बंद पडणार.

या तिघांनी ते अपयश टाळण्याचा नाद सोडला आणि ते येणारच असं धरून रचना केली. चार डिस्क असतील, तर तिघींवरच्या एकाच जागच्या बिटांमध्ये १ किती वेळा आला, सम वेळा की विषम, एवढीच नोंद चौथीवर ठेवायची. मग कोणतीही एक डिस्क गेली, तरी उरलेल्या तिघींवरून तिचं प्रत्येक बिट काढता येतं. नोंद एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर विखुरली की कामाचा ताणही वाटला जातो. ही ‘रेड’ पद्धत. नवी डिस्क बसवून गेलेल्या डिस्कचा मजकूर तिच्यावर पुन्हा उतरवायचा, याला रीबिल्ड म्हणतात. पुढच्या साऱ्या कथेत कसोटीची वेळ येते ती या रीबिल्डमध्येच.

नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याची सोयही याच दशकात सुरू झाली. सन मायक्रोसिस्टम्सने १९८४मध्ये एनएफएस आणलं, तर १९९२च्या सुमारास कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेल यांनी पुढे सांबा नावाने प्रसिद्ध झालेलं सॉफ्टवेअर लिहिलं. त्यामुळे लिनक्सवर चालणारी पेटी विंडोजच्या संगणकांनाही फाइली देऊ लागली. २०००मध्ये तैवानात सिनॉलॉजी आणि २००४मध्ये क्यूनॅप उभी राहिली. बर्कलीतली कल्पना आता दोन किंवा चार कप्प्यांची छोटी पेटी होऊन घरात आली, आणि लोकांनी त्या कप्प्यांत बाजारात मिळणारी साधी, स्वस्त डिस्क बसवली.

जुनी सवय इथे अंगाशी आली. एखादा खराब सेक्टर सापडला की साधी डिस्क नेहमीप्रमाणे तो वाचण्यात गढून जायची आणि बाकी कशालाच उत्तर द्यायची नाही. हार्डवेअरवर चालणारे रेड कंट्रोलर साधारण आठ सेकंद वाट पाहत आणि ती डिस्क मेली असं समजून तिला जथ्यातून काढून टाकत. एका सेक्टरपायी धडधाकट डिस्क बाद व्हायची आणि रीबिल्ड सुरू व्हायचा. रीबिल्डमध्ये उरलेल्या डिस्कांचा कानाकोपरा वाचावा लागतो. तिथे दुसरीला खराब सेक्टर भेटला आणि तीही मौनात गेली, की सगळंच संपलं. ज्या मजकुराची भरपाई शेजारणी चुटकीसरशी करून देऊ शकत होत्या, त्यासाठी एकटीने झगडत बसण्यात आता शहाणपण नव्हतं. सर्व्हरच्या महागड्या डिस्कांमध्ये यावर उपाय होता: सात सेकंद प्रयत्न करायचा, जमलं नाही तर ‘मला वाचता येत नाही’ असं स्पष्ट कळवायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. वेस्टर्न डिजिटल त्याला टीएलईआर म्हणते, सीगेट ईआरसी.

दुसरी अडचण वीज वाचवण्याच्या सोयीतून आली. वेस्टर्न डिजिटलच्या ‘ग्रीन’ डिस्क आठ सेकंद काम नसलं की हेड बाजूला नेऊन ठेवत. असे तीन लाख फेरे झेलण्याची त्यांची क्षमता होती. दिवसातून काही तास चालणाऱ्या संगणकाला एवढे फेरे वर्षानुवर्षं पुरतात. पण अहोरात्र चालणारी पेटी दर तीस सेकंदांनी काहीतरी लिहीत असेल, तर दिवसाला २,८८० फेरे होतात आणि तीन लाखांचा आकडा साडेतीन महिन्यांत गाठला जातो.

तिसरी अडचण शेजाराची. तबकडीवरच्या अतिसूक्ष्म वर्तुळावर हेड नेमकं धरून ठेवायचं असताना बाजूच्या तीन डिस्क फिरत असतात आणि त्यांचा कंप पेटीच्या सांगाड्यातून हिच्यापर्यंत पोचतो. आवाजाचाही परिणाम किती व्हावा? २००८च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टम्सचे अभियंते ब्रेंडन ग्रेग डिस्कांच्या मांडणीसमोर उभे राहून मोठ्याने ओरडले आणि त्या क्षणी डिस्कांचा प्रतिसाद मंदावल्याचं पडद्यावरच्या आलेखात दिसलं. मोठ्या पेट्यांसाठीच्या डिस्कांमध्ये हा कंप ओळखून हेडची जागा सावरणारे संवेदक बसवतात, ते यासाठीच.

नॅससाठीची डिस्क वेगळी म्हणून जन्मली ती २०१२च्या जुलैमध्ये. काळ कठीण होता. ऑक्टोबर २०११मधल्या थायलंडच्या महापुरात बांग पा-इन इथला वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्याखाली गेला होता, जगभर डिस्क महागल्या होत्या, आणि वर्षअखेरीस मोठ्या उत्पादकांनी साध्या डिस्कांची वॉरंटीही घटवली होती. अशा वेळी वेस्टर्न डिजिटलने एक ते पाच कप्प्यांच्या पेट्यांसाठी ‘डब्ल्यूडी रेड’ (हे रेड म्हणजे लाल) आणली: एक, दोन आणि तीन टेराबाइट, तीन वर्षांची वॉरंटी, अहोरात्र चालण्याची हमी, सात सेकंदांची मर्यादा आणि हेड ठेवण्याच्या सहा लाख फेऱ्यांची क्षमता. सर्व्हरच्या डिस्कचं वळण आणि साध्या डिस्कच्या जवळ जाणारी किंमत असा हा मेळ होता. पुढच्या वर्षी सीगेटची नॅस मालिका आली. २०१६मध्ये तिलाच आयर्नवुल्फ हे नाव मिळालं.

या घराण्याची सर्वांत मोठी फसगत २०२०ची. तबकडीवर जास्त मजकूर मावावा म्हणून उत्पादकांनी एसएमआर ही पद्धत काढली होती. लिहिणारं हेड वाचणाऱ्या हेडपेक्षा रुंद असतं. त्यामुळे एक वर्तुळ दुसऱ्यावर किंचित चढवून लिहिलं तरी वाचायला पुरेशी पट्टी उघडी राहते. छपरावर कौल कौलावर चढवतात तसंच हे. आणि छपरातलं मधलं कौल बदलायचं तर वरची कौलं उचलावी लागतात, तसं इथे मधलं वर्तुळ बदलायचं तर पुढचा अख्खा पट्टा नव्याने लिहावा लागतो. डिस्क आधी एका राखीव भागात भराभर लिहून घेते आणि सवडीने मजकूर जागेवर हलवते. रोजच्या वापरात हे जाणवतही नाही. पण रीबिल्डमध्ये सवड मिळतच नाही. तासन्‌तास सलग लेखन होतं, राखीव भाग भरतो, वेग कोसळतो, आणि काही वेळा पेटी त्या नव्याकोऱ्या डिस्कलाच मेलेली ठरवते.

२०२०च्या एप्रिलमध्ये उघड झालं की दोन ते सहा टेराबाइटच्या काही डब्ल्यूडी रेड डिस्क एसएमआर पद्धतीच्या होत्या आणि ते खरेदीदारांना सांगितलेलं नव्हतं. रीबिल्ड अडकण्याचं कारण लोकांनी स्वतः चाचण्या करून शोधून काढलं. त्यानंतर कंपनीने मॉडेलांची यादी जाहीर केली आणि जूनमध्ये मालिका विभागली: जुन्या, वर्तुळं एकमेकांवर न चढवणाऱ्या सीएमआर पद्धतीसाठी ‘रेड प्लस’, आणि नुसत्या ‘रेड’मध्ये एसएमआर. ज्या डिस्कने जथ्यात नांदण्याचं वचन दिलं होतं, तिच्याच आत नेमकी जथ्याला न मानवणारी रीत गुपचूप शिरली होती. ग्राहकाला न सांगता असा बदल करणं गैरच होतं. आज मॉडेल क्रमांक घालून सीएमआर की एसएमआर हे कंपनीच्या यादीत तपासता येतं, ते त्या चिकाटीच्या वापरकर्त्यांमुळे.

हे कूळ माहीत असलं की लेबल वाचणं अवघड राहत नाही. पहिली अट सीएमआर; नावावर न जाता पूर्ण मॉडेल क्रमांक पाहावा आणि पेटीच्या कंपनीने दिलेल्या यादीत तो आहे का, हेही पाहावं. फिरण्याच्या वेगासाठी जादा पैसे मोजण्याची घरी सहसा गरज नसते: एक गिगाबिटच्या नेटवर्कमधून सेकंदाला १२५ मेगाबाइटपेक्षा जास्त जाऊच शकत नाही आणि सावकाश फिरणारी डिस्कही तेवढं देते, शिवाय थंड आणि शांत राहते. आठ कप्प्यांची पेटी असेल तर मात्र कंप-संवेदक असलेली वरची श्रेणी घ्यावी. घरगुती नॅस डिस्कांना सहसा वर्षाला १८० टेराबाइटची कार्यमर्यादा असते. म्हणजे वाचन-लेखन मिळून दिवसाला अर्धा टेराबाइट. कुटुंबाला आणि छोट्या कार्यालयाला ती भरपूर होते.

दहा लाख तासांच्या सरासरी आयुष्याचा जो आकडा कंपन्या देतात, तो जपून वाचावा. त्याचा अर्थ असा की हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर सुमारे नऊ जातील. २००७मध्ये बियांका श्रोडर यांच्यासह गार्थ गिब्सन यांनी, त्याच बर्कलीच्या निबंधातल्या गिब्सन यांनी, सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रत्यक्षात वर्षाला दोन ते चार टक्के डिस्क बदलाव्या लागत असल्याचं अनेक ठिकाणी दिसलं. डिस्क जितकी मोठी, तितका रीबिल्डही लांबतो: सेकंदाला सरासरी २०० मेगाबाइट धरले तरी १६ टेराबाइट लिहायला बावीस तास लागतात. एवढा वेळ दुसरी डिस्क टिकेलच या भरवशावर राहू नये. मोठ्या डिस्कांसाठी दोन डिस्क गेल्या तरी तगणारी रचना निवडावी.

आणि चुकून पुसलेली फाइल, खंडणीखोर व्हायरस, चोरी किंवा आग यांपुढे कोणतीही रेड पद्धत कामाला येत नाही. तिथे फक्त दुसऱ्या जागी ठेवलेली प्रत वाचवते. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी डिस्क जाणारच हे धरून सुरुवात केली होती. खरेदीची सुरुवातही तशीच करावी: आधी एका जादा डिस्कचे आणि त्या दूरच्या प्रतीचे पैसे बाजूला काढावेत, आणि उरलेल्या रकमेत किती टेराबाइट बसतात ते मग पाहावं.