अनेकांचा कंठ, एक वाद्य

गायनवृंदाचा स्वर वाद्यातून निघावा, ही इच्छा संगणकाच्या युगात जन्मली असे कोणी मानील, तर ते खरे नव्हे. युरोपातील ऑर्गनकारांना तिने कित्येक शतके झपाटले होते. पाईप ऑर्गनमध्ये 'व्हॉक्स ह्युमाना', अर्थात 'मानवी कंठ', या नावाची नळ्यांची एक रांग असते. दक्षिण जर्मनीतील वाइनगार्टेन येथील बेनेडिक्टाइन मठाच्या मंदिरात योझेफ गाब्लर या कारागिराने १७३७ ते १७५० अशी तेरा वर्षे खपून सहा हजारांहून अधिक नळ्यांचा ऑर्गन उभारला. त्यातील मानवी कंठ मनासारखा गाईना, तेव्हा योग्य धातू मिळावा म्हणून त्याने सैतानाला आत्मा विकला, अशी दंतकथा मागे राहिली. दंतकथेवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. परंतु माणसाच्या कंठाची नक्कल फुकट मिळत नाही, ही लोकांची जाणीव तीत सामावली आहे.

विसाव्या शतकात नक्कल मागे पडली आणि प्रत्यक्ष आवाजच वाद्यात शिरला. १९६३ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे 'मेलोट्रॉन' तयार झाले. त्याच्या १९७० च्या नमुन्यात पस्तीस पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीखाली ध्वनिमुद्रित फीत. पट्टी दाबली की गायनवृंद गाऊ लागे. सुमारे आठ सेकंदांनी फीत संपे आणि दम संपल्यासारखा तो थांबे. १९७९ साली सिडनीत 'फेअरलाइट' हे संगणकीय वाद्य आले. त्यात एकच मुद्रित स्वर साऱ्या पट्ट्यांवर पसरता येई. मात्र मूळ स्वरापासून फार वर नेला की तो पोरकट वाटे आणि फार खाली आणला की घोगरा. म्हणून खऱ्या गायकांकडून एकेक स्वर, एकेक सूर वेगवेगळा गाऊन घेण्याची गरज भासू लागली.

येथे एक मर्म लक्षात घेतले पाहिजे. एकाच गायकाचा आवाज शंभर वेळा एकावर एक ठेवला, तर गायनवृंद होत नाही. केवळ तोच आवाज मोठा होतो. कोणी किंचित वर, कोणी किंचित खाली, कोणी क्षणभर मागे, कोणाचा कंठ मध्यम, कोणाचा खरखरीत: या लहानसहान भेदांतूनच वृंदाचा भरदार नाद उमटतो. मुद्रणे जुळवताना घरातल्या पंख्याची घरघर अवश्य काढावी. पण हे भेदही घासूनपुसून टाकले, तर वृंद मरतो. म्हणूनच असे वाद्य घडवणाऱ्याला अनेकांच्या दारी जाऊन आवाज मागावा लागतो.

लोक आवाज देतात का? अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटाकर यांच्या 'व्हर्च्युअल क्वायर'मध्ये २०१० साली बारा देशांतील १८५ जणांनी आपापल्या घरी गाऊन मुद्रणे पाठवली. २०२० साली, महामारीने गायनवृंदांची तोंडे बंद केली असता, हीच संख्या १२९ देशांतील १७,५७२ वर गेली. तेथे गीत मात्र ठरलेले होते. गायकाला आपण काय गात आहोत हे ठाऊक होते. वाद्याची गोष्ट निराळी. आज दिलेला 'आ'कार उद्या कोणते गीत गाईल, हे देणाऱ्याला कळत नाही.

या प्रश्नाला थेट भिडणारा एक प्रयोग २०२४ साली लंडनच्या सर्पेंटाइन कलादालनात झाला. हॉली हर्नडन आणि मॅट ड्रायहर्स्ट यांनी ब्रिटनमधील पंधरा गायनवृंदांकडून खास रचलेली गीते गाऊन घेतली आणि त्या मुद्रणांवरून यंत्राला गायला शिकवले. त्या आवाजांचे पुढे काय व्हावे, यात गायकांनाही अधिकार असावा म्हणून त्यांनी विश्वस्त व्यवस्थेचा मार्ग चोखाळला. आमच्या मते यंत्राच्या करामतीपेक्षा हे पाऊल मोलाचे आहे.

ख्रिस्तसभेला हा विषय नवा नाही. १९५८ साली रोमने काढलेल्या सूचनापत्रात ग्रामोफोन, ध्वनिफीत यांसारखी आपोआप वाजणारी साधने उपासनाविधीत वापरण्यास मनाई केली होती. १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात द्वितीय व्हॅटिकन परिषदेने पाईप ऑर्गनचा गौरव केला, तसेच गायनवृंद जोपासण्यास सांगितले. या दोहोंमागील विचार एकच: स्तुती यंत्राने नव्हे, उपस्थित माणसाने करावयाची असते.

मग असे वाद्य त्याज्य मानावे का? आम्हांला तसे वाटत नाही. संगीतकाराला रचना ऐकून पाहण्यास, घरी बसून चाल बसवण्यास ते उपकारक ठरेल. फक्त आवाज मागताना त्याचा हेतू सांगावा, संमती घ्यावी आणि देणाऱ्याचे नाव विसरू नये. आणि रविवारी मिस्साला चार म्हाताऱ्या व दोन पोरे एवढाच वृंद उभा राहिला, कोणाचा सूर थोडा ढळला, तरी यंत्राची कळ दाबण्याचा मोह टाळावा. तो ढळलेला सूर मिळवण्यासाठीच तर यंत्र घडवणारे जगभर हिंडत आहेत.